गेल्या सालच्या भावात

सरोजिनी मॅडमनी स्टीलचा डबा चक्कीच्या ओट्यावर असा आपटला की शेजारच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन किलो उमटून गेले.

"उघड," त्या म्हणाल्या.

गयाबाईनं पदराला हात पुसले. उपयोग काही नव्हता, पदरही पिठाचाच झाला होता. सकाळचे दहा वाजत होते, एप्रिल अजून संपायचा होता, आणि चक्कीच्या पत्र्याखाली असं तापलं होतं की कपाळाचा घाम भुवयांवरच्या पिठात मिसळून तिथंच कणीक मळली जात होती. तिनं डबा उघडला. आत चार पोळ्या. वरची उचलली तर अर्धी हातात आली, अर्धी खालीच बसून राहिली.

"काय आहे हे?"

"पोळी आहे मॅडम."

"अस्सं? मला वाटलं पापड आहे. काल ह्यांनी रश्शात बुडवली तर ती परत आलीच नाही. चमच्यानं काढली मी. चमच्यानं, गया!"

मागे लाइनीत अमिता उभी होती, कोपऱ्यावरच्या घरातली सून. तिला हसू आलं, पण लगेच तिनं आपला दहा किलोचा डबा हळूच मागे ओढून घेतला. ते गयाबाईनं पाहिलं. हसलेलं चालतं. डबा मागे घेतलेला नाही चालत.

"गव्हात काय मिसळलंस?"

"मी काय मिसळणार? गहू तुमचा, डबा तुमचा, दळला तुमच्या डोळ्यांसमोर."

"मग गहूच तसा आहे. तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी, मला शेंडी लावू नकोस. चाळणीत कोंडाच कोंडा राहतोय. गाय पाळू का आता?"

गयाबाईचं तोंड एरवी मोटरपेक्षा फास्ट चालायचं. मागच्या साली विजेची लाइन कापायला आलेल्या माणसाला तिनं "दोन मिनिट बसा ना भिया" म्हणून बसवलं होतं आणि समोर पाच किलो मिरची दळायला घेतली होती. तो शिंकत शिंकत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, लाइन काही कापली नाही. सुदामा नगरात ती गोष्ट अजून सांगतात. पण आज त्या तोंडातून एक शब्द निघेना. कारण मॅडम खरं बोलत होत्या, आणि हे गयाबाईला मार्चपासून माहीत होतं.

गोष्ट अशी होती. ह्या गल्लीतली एकोणीस घरं वर्षाचा गहू एकदाच भरायची, आणि तो गयाबाईच्या हातून यायचा. अठरा सालांपासूनचा रिवाज. मार्चअखेर ती देपालपूरच्या बाजूला जयेशच्या खळ्यावर जायची, मूठभर दाणे तोंडात टाकायची आणि चावत बसायची. चांगला गहू चावता चावता तोंडात चिवट होतो, रबरासारखा गोळा बनतो, ताणला तर ताणतो. गोळा बनला की ती थुंकायची, म्हणायची, "भर रे," आणि कट्टे, पन्नास-पन्नास किलोची पोती, भरले जायचे. गव्हात ती भाड्याच्या वर एक पैसा कमवत नव्हती. पण ज्याच्या घरी तिचा गहू, त्याचं वर्षभराचं दळण तिच्या चक्कीवर. बस, तेवढ्यावर घर चाललं होतं.

यंदा जयेशनं खळ्यावर पाय ठेवू द्यायच्या आतच सांगून टाकलं. "बाई, झूठ नी बोलूं. दाणो पतलो हे अबके."

फेब्रुवारीतच एप्रिलचं ऊन पडलं होतं. ओंबीत दूध भरायच्या आत पीक पिवळं पडलं. मग कापून शेतात पाडलं, तर तीन दिवस पाऊस. जी काय चमक होती तीपण गेली. गयाबाईनं दाणे तोंडात टाकले. चावले, चावले, जबडा दुखला. गोळा काही बनेना. नुसतं साल जिभेवर चिकटून बसलं.

"आणि चांगला?"

"हे मंडी में. पण भाव सुनोगा तो बैठ जाओगा."

ती उभ्यानंच ऐकायला तयार होती, पण खरंच बसली. बांधावर बसूनच तिनं सरोजिनी मॅडमच्या मिस्टरांना फोन लावला. शरदचंद्र काकाजी, सरकारी खात्यातले रिटायर हेडक्लार्क. गल्लीच्या गव्हाची लिस्ट तेच ठेवायचे, म्हणजे गल्लीचा आवाजही तेच.

"गेल्या सालचा भाव, गयाबाई," काकाजी म्हणाले. "एक रुपया जास्त नाही. मीटिंगमध्ये ठरलंय. जमत नसेल तर सांग, आम्ही सगळे पाकिटाचा आटा आणू. हल्ली घरपोच देतात."

घरपोच देतात. हे ऐकून तिच्या डोळ्यांसमोर पंधरा हॉर्सपॉवरची मोटर गप्प उभी राहिलेली दिसली.

"येतो ना काकाजी," ती फोनमध्ये म्हणाली. "गेल्या सालच्या भावात येतो ना."

दाण्याबद्दल बोलली नाही. हीच तिची चूक. आता ती चूक डब्यात चार तुकडे होऊन पडली होती.

"दहा किलो परत द्या मॅडम," ती म्हणाली. "माझ्या पद्धतीनं दळून देते. फुकट. उद्या सकाळी पोळी बघा, मग शिव्या द्या."

---

दुपारी चक्की बंद करून किसन दगड काढून बसला. गयाबाईचा नवरा. त्याचे वडील महूला फौजेत होते, हा मात्र दगडाशीच लढत आला. टाकी आणि हातोडी घेऊन तो दगडाच्या घासलेल्या रेघा पुन्हा खोल करत होता. टक, टक, टक. दर दहा ठोक्यांना खोकला. पिठानं छाती भरलेली, त्यात वरून पत्रा. पाठीवर पाणी ओतावं तसा घाम.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"की दाणा पतला आहे. तुला माहीत होतं."

"आणि मग? उद्यापासून दोघं ह्या दगडावर बसून सागरगोटे खेळू?"

"अगं पण..."

"अहो, तुम्ही ठोका. खोकताना बोलू नका, दोन्ही बिघडतं."

किसननं ठोकायला घेतलं. पतल्या दाण्यासाठी दगड जवळ आणावे लागत होते. दगड जवळ आले की तापायचे, दगड तापले की आटा जळायचा, आटा जळला की पोळी तुटायची. मोटर जास्त वेळ चालायची ते वेगळंच, आणि बिल असं आलं होतं की सुनेनं, मोनालीनं, ते फ्रीजवर चुंबकानं लावलं होतं, देवाच्या फोटोसारखं, जाता येता बघायला.

यावर एकच इलाज होता. गव्हाला रात्रभर पाण्याचा हात द्यायचा, म्हणजे साल मऊ पडतं, सकाळी दगड ढिला ठेवून जाडंभरडं काढायचं. काम दुप्पट आणि पाणी पाहिजे. बोअर मार्चमध्येच गेला होता. टँकर एक दिवसाआड, आणि त्याचा ड्रायव्हर दर आठवड्याला नवा भाव सांगायचा, वर "गर्मी देखो ना आंटी" म्हणायचा, जणू गर्मी गयाबाईनंच लावली होती.

संध्याकाळी तिनं परातीत मॅडमचे दहा किलो पसरले आणि पाण्याच्या ड्रममध्ये मग बुडवला.

"आई," सून मागून म्हणाली. मोनाली एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची, नुकती ड्युटीवरून आली होती. "ते पाणी अंघोळीचं आहे."

"माहीत आहे."

"माझी सकाळी सहाची ड्युटी आहे."

"मग लोकांना सांग, सुई टोचताना श्वास रोखून धरा."

मोनाली हसली नाही. ती खाली बसली, बाह्या वर केल्या आणि गव्हात हात घालून ओल सगळीकडे लावायला लागली. ओल्या गव्हाचा वास सुटला, आणि त्या वासानं गयाबाईला एकदम राग आला. दुसऱ्याच्या गव्हाला आपलं अंघोळीचं पाणी पाजत बसलोय. का? ऊन आम्ही पाडलं? पाऊस आम्ही बोलावला? जयेशचं पीक गेलं, त्यानं आपला तोटा कट्ट्यात भरून दिला. गल्लीनं आपला तोटा फोनवरून सांगितला. टँकरवाला आपला तोटा पाइपातून देतोय. सगळे पुढे सरकवतायत, आणि पुढे कोण? पुढे गयाबाई. तिच्यापुढे कोणी नाही, भिंत.

पहाटे किसननं दगड ढिले केले आणि खालच्या कापडी नळीतून पडणाऱ्या पिठाखाली हात धरला. "थंड आहे," तो म्हणाला. पोरगा झाला तेव्हापण तो एवढा खूश झाला नव्हता. मोनालीनं अंघोळ न करताच, ओला टॉवेल तोंडावरून फिरवून, दोन पोळ्या लाटल्या. तुटल्या नाहीत. घडी घातली तरी तुटल्या नाहीत.

गयाबाई स्वतः पिठाचा डबा, वर त्या पोळ्या ठेवून, मॅडमच्या घरी घेऊन गेली. दार काकाजींनी उघडलं. अंगात बनियान, मागे कूलरची घरघर.

"मॅडम आहेत?"

"अंघोळीला गेलीय." त्यांनी डबा घेतला नाही, बोटानं दारातली जागा दाखवली. "तिथं ठेव. आणि ऐक, काल मीटिंग झाली. उद्या सकाळी नऊ वाजता सगळ्यांचे न उघडलेले कट्टे परत येतील. पैसे तयार ठेव."

"काकाजी, एकदा ही पोळी तर..."

"पोळीचा प्रश्न नाही. विश्वासाचा आहे. अठरा वर्षं आम्ही तुमच्या लोकांकडे दळण देतोय, कधी काही मनात आणलं नाही. त्याचं हे फळ?"

तुमच्या लोकांकडे. गयाबाईनं डबा दारात ठेवला. तिच्या तोंडात जे आलं ते तिनं गिळलं, आणि ते मंडीचा भाव ऐकण्यापेक्षा जड गेलं.

---

पैसे कुठून तयार ठेवणार? ते कधीच जयेशकडे गेले होते. सकाळी आठला किसन मोटरवरचं पीठ फडक्यानं पुसत होता, हळूहळू, दुकानात विकायला काढलेल्या गोष्टीवरून पुसतात तसं.

"हात काढा तिच्यावरून," गयाबाई म्हणाली.

"मोटरला गिऱ्हाईक आहे एक. राऊ गावचा. आज संध्याकाळी येऊन बघतो म्हणाला."

"हात काढा म्हटलं ना!"

नऊला पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. कट्टे यायला लागले. कोणी स्कूटीच्या पायात ठेवून आणला, कोणी हातगाडीवर, एकानं तर कारमधून, एसी चालू ठेवून. एक, दोन, पाच, नऊ. ज्या बायका एरवी "गयाबाई, जरा बारीक हं" म्हणून गप्पा मारत बसायच्या, त्या आज कट्टा टेकवून मोबाइलमध्ये बघत उभ्या होत्या. अमितापण आली, खाली मान घालून. तेरा कट्टे झाले. गयाबाई प्रत्येक कट्ट्याचं तोंड सोडायची, मूठभर काढायची, बघायची, पुन्हा टाकायची. तिचाच गहू. फिका, आखडलेला, जुन्या माणसाच्या नखासारखा.

चौदावा काकाजींचा. ई-रिक्षातून आला. रिक्षावाल्यानं तो ओट्यापाशी उतरवला, पैसे घेतले आणि निघून गेला. मागून छत्री धरून मॅडम चालत आल्या.

"ह्याचं तोंड मी उघडतो," काकाजी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बघा सगळ्यांनी. पतला आहे ते सोडा. एका महिन्यात सोंडे झालेत! हा माल दिलाय हिनं आपल्याला."

त्यांनी सुतळी ओढली. गव्हावर खरंच काळे किडे पळत होते. बायका "ई" करून मागे सरकल्या. किसन जागच्या जागी ओट्यावर बसला. संपलं, असं त्याच्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं.

गयाबाईनं हात घातला. मूठ बाहेर काढली, फुंकर मारली, सोंडे उडवले. आणि बघतच राहिली.

दाणा जाडा होता.

भोकं पडली होती, पण होता जाडा, गोल, पोटाशी टच्च भरलेला. जुना सोन्याचा रंग. तिनं एक दाणा तोंडात टाकला. चावला. चावत राहिली. सगळी गल्ली बघत होती, आणि बाई खुशाल रवंथ करतेय. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की ज्यांनी ती मिरचीची गोष्ट पाहिली होती ते सगळे दोन पावलं मागे गेले.

"मॅडम," ती म्हणाली. "इकडे या जरा. तुम्ही विज्ञानाच्या ना?"

सरोजिनी मॅडम आल्या. गयाबाईनं अमिताच्या कट्ट्यातली मूठ त्यांच्या एका हातावर ठेवली, काकाजींच्या कट्ट्यातली दुसऱ्या हातावर.

"फरक सांगा."

मॅडमनी चष्मा वर केला. एक हात बघितला. दुसरा बघितला. पुन्हा पहिला.

"हा... हा मोठा आहे. ह्यांच्या कट्ट्यातला."

"हे काय चाललंय?" काकाजी म्हणाले. "सोंडे बघा म्हटलं तर..."

"सोंडे बघितले काकाजी. तुमचेच आहेत, घरचे पाळलेले. पण हा दाणा यंदाचा नाही. यंदा एवढा जाडा दाणा माझ्याकडे नाही, जयेशकडे नाही, ह्या बाकीच्या तेरा कट्ट्यांत कोणाकडे नाही. एवढा जाडा मी तीन सालांपूर्वी आणला होता, थंडी धडाची पडली होती तेव्हा. तुम्ही तेव्हा दोन कट्टे जास्त भरले होते."

मॅडम दोन्ही हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या, परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या पोरासारख्या. फक्त चिठ्ठी दुसऱ्याची होती.

"अहो," त्या हळू म्हणाल्या. "जिन्याखालचा कट्टा?"

"चुकून बदलला असेल."

"चुकून?" गयाबाईचा आवाज चढला. "दाभण घेऊन बसलात, जुना गहू माझ्या कट्ट्यात भरला, तोंड शिवलं, ते चुकून? सडका माझ्या गळ्यात, पैसे तुमच्या खिशात, आणि नवा? नवा घरात! मग तो खायचा होता ना तुम्हाला? एवढा वाईट आहे तर ठेवून का घेतलात?"

"जाऊ दे गं," किसन म्हणाला.

"नाही जाऊ देत! ऐका सगळे. मला माहीत होतं. मार्चमध्ये खळ्यावर चावून बघितला होता मी. दाणा पतला आहे हे तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक, त्याच्यासाठी शिव्या द्या, घेते. पण मागितलं काय होतं तुम्ही? गेल्या सालचा भाव! फेब्रुवारीत पंखे लावून झोपलात ना? तुम्हाला गरम झालं, गव्हाला नसेल झालं? टँकरवाला मागेल ते देता. कूलरच्या गवताला दुप्पट, देता. लसूण, भाजी, विजेचं बिल, सगळं गपचूप देता. सगळीकडे हरून येता आणि जिंकायला माझ्या ओट्यावर! गेल्या सालचा भाव पाहिजे तर गेल्या सालचं ऊन आणा. आणा ना! आणि काकाजी, माझ्या लोकांकडे दळण दिलं म्हणून उपकार सांगत होतात. माझ्या लोकांनी आपल्या अंघोळीच्या पाण्यात तुमचा गहू भिजवला. माझी सून बिनअंघोळीची ड्युटीवर गेली. तुमच्या लोकांनी काय केलं ते आत्ता ह्या कट्ट्यात फिरतंय."

तिला धाप लागली. घाम डोळ्यांत गेला होता, पण तिनं तो पुसला नाही. रडते असं कोणाला वाटायला नको.

आधी अमिता हलली. तिनं आपल्या कट्ट्याचं तोंड बांधलं आणि स्कूटीकडे ओढत नेला. मग तिच्या शेजारची. मग कारवाला, काही झालंच नाही असा. नऊ कट्टे परत गेले. चार राहिले. त्यांना पैसेच पाहिजे होते, आणि गयाबाईनं सांगितलं, महिन्याभरात देते. तिच्या स्वतःच्या घरात यंदा गहू भरलाच नव्हता, हे चार आता घरचे. तिनं त्या चौघांची तोंडं नीट बघून ठेवली. किसननं खिशातून मोबाइल काढला आणि राऊवाल्याला, येऊ नका, म्हणून सांगितलं.

काकाजींचा कट्टा ओट्यापाशीच होता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. रिक्षा नव्हती. त्यांनी वाकून कट्ट्याचे कान धरले, ओढला. पन्नास किलो. तो वीतभर सरकला आणि थांबला. कोणी पुढे झालं नाही. किसन सवयीनं उठला, हात पुढे करून. गयाबाईनं मागून त्याचा शर्ट धरला.

"बसा."

मॅडमनी हातातले दोन्ही गहू वेगवेगळे, जिथले तिथं परत टाकले. छत्री मिटली, काखेत घातली, आणि कट्ट्याचं दुसरं टोक धरलं. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. दोघं पाच पावलं जायचे, टेकवायचे, पुन्हा उचलायचे. डांबर मऊ झालं होतं. मॅडमची चप्पल त्याला चिकटून एकदा निघाली, त्या थांबल्या, घातली, पुन्हा ओढायला लागल्या. गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे कोणी उघडले नाहीत, आणि पूर्ण लावलेही नाहीत.

गयाबाई ते वळेपर्यंत बघत राहिली. हसायला हवं होतं. एवढी झकास फजिती तिनं स्वतः ठरवूनसुद्धा कधी कोणाची केली नव्हती. पण हसू येईना. मघाचा दाणा अजून दाढेत होता, चिवट, गोड. तिनं तो थुंकला.

अमिता परत आली. स्कूटीच्या पायात दहा किलोचा डबा. तिनं तो काट्यावर ठेवला.

"पाण्याचा हात देऊन दळाल? जाडं?"

"उद्या सकाळी मिळेल. सात रुपये किलो."

"पाच होते ना?"

"होते," गयाबाई म्हणाली, आणि मोटरचा खटका खाली ओढला.